नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

रत्नागिरीत २००१ साली मी चार कॉम्प्युटर आणि एक मोडेम एवढ्या भांडवलावर सायबर कॅफे काढलं. फोनवरून १७२२२२ फिरवायचा, मोडेम बोके भांडल्यासारखा ओरडायचा आणि लागलं तर लागलं. ती एक बारीक धार चार गिऱ्हाइकं वाटून घ्यायची. फोटो वरून खाली उतरायचा. आधी केस, मग कपाळ, आणि नाक दिसेपर्यंत पुढचा नंबर दारात उभा. पुढे नेट लोकांच्या खिशातच आलं, तेव्हा २०१०ला मी कॅफेला कुलूप लावलं आणि वायर ओढणं, राउटर बसवणं, ऑफिसांची नेटवर्कं सांभाळणं ही कामं धरली.

या सगळ्या वर्षांत सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे 'नेट गेलं'. ते 'पोटात दुखतंय' या जातीचं आहे. कुठे दुखतंय, हे रोग्याला सांगता येत नाही आणि सुरुवातीला मलाही कळत नसे. हळूहळू कळत गेलं, त्यातलं काही इथे मांडतो.

१. वाय-फाय जाणं आणि नेट जाणं ही दोन वेगळी दुखणी.

फोनपासून घरातल्या राउटरपर्यंतचा दहा-पंधरा पावलांचा रेडिओ म्हणजे वाय-फाय. राउटरपासून पुढे जग आहे. आमच्याकडची जुनी घरं जांभ्या चिऱ्याची. हातभर जाडीची भिंत उन्हाळ्यात घर गार ठेवते आणि बाराही महिने वाय-फाय गिळते. पावसकडच्या एका घरी राउटर ओटीवरच्या लोखंडी कपाटात ठेवला होता, वर देवाचा फोटो. 'धूळ बसते म्हणून आत ठेवला,' असं वहिनी म्हणाल्या. मागच्या पडवीत बसून ऑनलाइन क्लास करणाऱ्या त्यांच्या मुलापर्यंत कपाटाचा पत्रा आणि दोन चिऱ्याच्या भिंती पार करून जे पोहोचत होतं, ते न पोहोचल्यातच जमा. राउटर माजघरात उंचावर लावला, काम झालं. बिल घ्यायला लाज वाटली, पण घेतलं.

फोन वाय-फायवर ठेवून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून बघा. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या बुडाशी चिकटवलेला असतो. राउटरचं पान उघडलं तर वाय-फाय ठीक आहे, दुखणं पुढे.

२. पेटी, मार्का आणि पट्टी.

'फोटो पाठवला म्हणजे तो वायरमधून कसा जातो हो?' असं एका बागायतदार काकांनी मला एप्रिलमध्ये विचारलं. त्यांच्या अंगणात हापूसच्या पेट्या भरणं चालू होतं. तिथे उत्तर शोधायची गरजच पडली नाही.

बागेतला सगळा आंबा एका अजस्र पेटीत भरून कोणी वाशीला पाठवत नाही. उचलता येईल एवढ्या पेट्या करतात, प्रत्येकीवर आपला मार्का मारतात, कोणाकडे जायचं ते लिहितात. नेटवर फोटो असाच फुटतो. एका पेटीत साधारण दीड हजार बाइट मावतात, म्हणजे तीन एमबीच्या फोटोच्या दोन हजारांवर पेट्या होतात. प्रत्येकीवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि पेटीचा अनुक्रमांक. यालाच पॅकेट म्हणतात. सगळ्या पेट्या एकाच गाडीतून गेल्या पाहिजेत असं नाही. काही महामार्गाने जातील, काही आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे. पाठीमागून निघालेली आधी पोहोचेल. पलीकडे अनुक्रमांक बघून त्या परत रचतात.

'आणि एखादी पडली वाटेत तर?'

'तुम्हाला कसं कळतं काका, वाशीला माल पोहोचला ते?'

'पट्टी येते दलालाची.'

तशीच पट्टी नेटवरही येते. 'अमुक नंबरपर्यंतचा माल मिळाला' असं पलीकडचा कॉम्प्युटर सतत कळवत असतो. वेळेत पट्टी आली नाही, तर इकडचा ती पेटी पुन्हा पाठवतो. पट्ट्या रखडायला लागल्या की वाटेत गर्दी आहे असं समजून माल सोडण्याचा वेग आपणहून कमी करतो. या रीतीचं नाव टीसीपी. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी ती १९७४ साली मांडली, आणि अमेरिकेतलं अर्पानेट हे मूळ नेटवर्क १ जानेवारी १९८३पासून तिच्यावर चालायला लागलं. टेलिफोनमध्ये तुमच्या कॉलसाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अख्खी वाट अडवून ठेवत. तुम्ही गप्प बसलात तरी ती अडलेलीच. इथे वाट कोणाच्याच मालकीची नाही. सगळ्यांच्या पेट्या एकाच रस्त्यावरून एकमेकींत मिसळून जातात. म्हणूनच चार कॉम्प्युटरना एक लाइन वाटून देता आली आणि माझं दुकान चाललं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे इथेही दलाल आहेच?'

३. आंब्याची रीत वेगळी, मासळीची वेगळी.

हरवलेली पेटी पुन्हा मागवणं आंब्याला परवडतं. मिरकरवाड्याच्या मासळीच्या जेटीवर ते चालत नाही. काल यायची टोपली आज आली तर तिचं करायचं काय? व्हिडिओ कॉल मासळीच्या रीतीने चालतो. आवाजाचा तुकडा वाटेत हरवला तर तो तसाच सोडून पुढे जायचं, कारण तो परत मागवून येईपर्यंत बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. म्हणून कॉलवर माणसाचा चेहरा विटा रचल्यासारखा होतो, अर्धा शब्द गळतो. त्याच लाइनवर ई-मेलमधलं एक अक्षरसुद्धा हलत नाही. 'मेल येतोय पण कॉल तुटतोय, असं कसं?' याचं उत्तर एवढंच. लाइनवर पेट्या पडताहेत. मेल त्या परत मागवतो, कॉल मागवत नाही.

४. पत्ता मागून वाचावा लागतो.

पिनकोड ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. ते संस्कृतचे कवीही होते. माझ्या मते नेटवर्क शिकायला पिनकोडइतकं सोपं पुस्तक नाही. पत्त्याच्या शेवटी ४१५६१२ लिहिलेलं पत्र दिल्लीत पडलं, तर तिथल्या माणसाला रत्नागिरीतल्या गल्ल्या ठाऊक असायची गरज नाही. ४ बघून त्याने ते आमच्या बाजूला ढकललं की त्याचं काम संपलं. पुढचा पुढचे आकडे बघतो. घर कुठलं हा प्रश्न फक्त शेवटच्या पोस्टमनचा.

राउटर हेच करतो. पेटीवरच्या पत्त्याचा, म्हणजे आयपी पत्त्याचा, पुढचा भाग वाचून पेटी योग्य दिशेला एक टप्पा पुढे सरकवतो आणि विसरून जातो. सगळा रस्ता ठाऊक असलेला कोणीच नसतो. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा एवढ्या अडाण्यांच्या भरवशावर जग चालतं म्हणून धास्ती वाटली होती.

आता घरातला १९२.१६८चा पत्ता. तो माझ्याकडे आहे, तुमच्याकडे आहे, शेजारीही आहे, मग घोटाळा कसा होत नाही? तसा प्रत्येक घरात एक 'दादा' असतोच. हाक उंबऱ्याच्या आत मारायची असेपर्यंत घोटाळा नाही. बाहेर गेल्यावर नाव-आडनाव लागतं. ते बाहेरचं नाव सबंध घराला मिळून एकच असतं. पेटी बाहेर पडताना राउटर तिच्यावरचा घरातला पत्ता पुसून तो बाहेरचा लिहितो, आणि कुठली पेटी कोणाची याची वही स्वतःपाशी ठेवतो. ही युक्ती करावी लागली, कारण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. वाटायचा शिल्लक साठा २०११मध्येच संपला. नवी, लांबलचक पत्त्यांची पद्धत आयपीव्ही६ आलेली आहे, आणि तुमच्या मोबाईलमध्ये ती बहुधा तुमच्या नकळत चालूही असेल.

५. नाव विसरलं म्हणजे माणूस मेला असं नाही.

एका दवाखान्यातून फोन आला. व्हॉट्सॲप चालतंय, पण एकही साईट उघडत नाही. नवशिक्याला वेड लावणारं हे लक्षण आहे. आपण साईटचं नाव टाकतो. राउटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. नाव देऊन आकडा मिळवायचा तर कुणाला तरी विचारावं लागतं. हा विचारायचा माणूस म्हणजे डीएनएस. तो आजारी पडला की रस्ते मोकळे, गाड्या तयार, पण जायचं कुठे हे सांगणारा कोणी नाही. ज्या ॲपने आपला आकडा आधीच लक्षात ठेवलेला असतो, ते मात्र चालत राहतं. दवाखान्याच्या राउटरमध्ये विचारायचा माणूस बदलून ८.८.८.८ टाकला. कंपाउंडर म्हणाला, 'एवढंच?' एवढंच.

६. सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले की हात जोडून बाजूला व्हावं.

ही चूक माझीच, त्यामुळे सविस्तर सांगतो. एका कार्यालयात वीस-बावीस कॉम्प्युटरचं नेटवर्क मी बसवलं होतं. संध्याकाळी निघताना टेबलाखाली एक केबल लोंबकळताना दिसली. एक टोक सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या स्विचमध्ये, दुसरं जमिनीवर. मला पसारा बघवत नाही. मी ते टोक उचललं, नीट वळवलं, स्विचच्या रिकाम्या भोकात खोचलं, टक असा आवाज आला, समाधान वाटलं आणि घरी गेलो.

सकाळी साडेदहाला फोन. एकही कॉम्प्युटर कशालाच जोडलेला नाही, शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरसुद्धा दिसत नाही. गेलो. स्विचवर चोवीस दिवे. एरवी प्रत्येक दिवा आपापल्या तंद्रीत लुकलुकतो. त्या दिवशी सगळे एका लयीत, आरतीला टाळ्या पडाव्यात तसे. राउटर बदलला. स्विच बंद करून चालू केला. पाच सेकंद सगळं ठीक, परत तेच. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असं साहेबांना सांगून टाकलं. साहेबांनी मान डोलावली आणि मला अजून घाम फुटला. अडीच वाजता मी एकेक केबल उपटायला घेतली. सतराव्या केबलला दिवे शांत झाले. ती कुठे जाते बघायला हाताने चाचपत गेलो, तर ती वळून त्याच स्विचमध्ये परत आलेली. कालचीच.

झालं होतं ते असं. नेटवर्कवर कॉम्प्युटर अधूनमधून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतात, 'अमुक पत्ता कोणाचा आहे रे?' स्विच ती हाक जिथून आली ते भोक सोडून बाकी सगळ्या भोकांतून पुढे सोडतो. मी खोचलेल्या केबलमुळे ती हाक एका भोकातून निघून दुसऱ्यातून परत आत येत होती, आणि स्विच ती नवी समजून पुन्हा सगळीकडे सोडत होता. एका सेकंदात हजारो वेळा. राउटरांमधून फिरणाऱ्या पेटीवर तिचं आयुष्य आकड्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झालं की पेटी फेकून देतो, त्यामुळे वाट चुकलेली पेटीही कधीतरी मरते. स्विचमधल्या हाकेवर असं आयुष्य लिहिलेलं नसतं. ती अमर असते. महागाच्या स्विचना असा वेढा ओळखून भोक बंद करण्याची अक्कल दिलेली असते. आमचा स्वस्तातला होता.

साहेबांना मी खरं काय ते सांगितलं नाही. 'केबल खराब होती' म्हणालो. आता ते निवृत्त झालेत.

७. कधीकधी दुखणं खरोखर लांब असतं.

३० जानेवारी २००८. कॅफे अजून चालू होतं, ब्रॉडबँड आलं होतं. कुवेत-दुबईला असलेल्या मुलांशी बोलायला आया यायच्या, त्यांची वेळ ठरलेली. त्या दिवशी बरंच काही धड उघडेना. मी नेहमीच्या रीतीने आधी जवळचं, मग लांबचं असं तपासत गेलो. मोडेम बंद-चालू केला. सगळ्या केबलची टोकं कापून नवे कनेक्टर चढवले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम मला झोपेतही येतो. लाइनमनशी भांडलो. गंमत म्हणजे काही देशी साईट बऱ्यापैकी चालत होत्या, त्यामुळे डोकं आणखीच फिरलं.

मग बातमी कळली. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या होत्या, फ्लॅग आणि सी-मी-वी ४. भारत आणि आखाती देशांचा पश्चिमेकडचा बराचसा रस्ता त्यांच्यावरून जात होता. नेट आकाशातून येतं असं लोकांना वाटतं, पण देशाबाहेरचं जवळजवळ सगळं येणंजाणं समुद्राच्या तळावरच्या काचेच्या तारांतून होतं. खोल पाण्यात ही केबल बागेच्या पाइपाएवढीच जाड असते. ती मुंबईत किनाऱ्याला लागते. तारायंत्राची समुद्री केबल सुएझ-एडनवरून मुंबईला आली ती १८७० साली. दीडशे वर्षांत वाट काही फारशी बदललेली नाही.

एका आईला मी नकाशा काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'मिसरमध्ये तुटली तर तुम्ही इथल्या वायरी का कापल्यात?'

८. काच वाकते, पण तिला वळण आवडत नाही.

आता घरोघरी फायबर. त्याचा जोड बघण्यासारखा असतो. वरची सालं सोलली की केसाएवढी काच हाती येते, आणि उजेड ज्या गाभ्यातून जातो तो तर तिच्यातही फक्त ९ मायक्रॉनचा. स्पिरिटच्या फडक्याने पुसताना ती बारीक किंचाळली की समजायचं, स्वच्छ झाली. मग ती सरळ छाटायची आणि दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. छोट्या पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसतात, हळूहळू जवळ येतात, ठिणगी पडते आणि मधली रेघ नाहीशी होते. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, छत्री मानेत धरून, आपली बोटं थरथरत असताना हे करायचं. मशीनने जोडातलं नुकसान ०.०२ डेसिबल दाखवलं की चहा.

कापलेला सोललेला तुकडा मात्र आधी डबीत टाकायचा. तळव्यात घुसला तर दिसतही नाही आणि निघतही नाही.

फायबरला कोपऱ्यात काटकोनात मुडपलं, की वळणावर उजेड बाहेर सांडतो. केबल तुटलेली नसते, तरी नेट रडतं. कोकणात फायबरचे शत्रू तीन. रस्त्याच्या कामाचा जेसीबी, केबलवरून झोका घेणारी माकडं, आणि खांबावर ती गच्च आवळून बांधणारा आमच्यातलाच एखादा घाईतला पोरगा.

९. काचेला वीज लागत नाही; टोकांना लागते.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि आमच्या जिल्ह्यातल्या मंडणगड-दापोलीलाही त्याने झोडपलं. काही दिवसांनी एका ओळखीच्या हॉटेलवाल्याकडे गेलो, तर त्याची फायबर शाबूत होती. तरी नेट नव्हतं, मोबाईलही नव्हता. खांब आडवे, म्हणून वीज नाही. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या. पुढे डिझेल हवं, आणि डिझेलच्या गाडीच्या वाटेत नारळी-पोफळी आडव्या. जुना काळा फोन वीज गेली तरी वाजायचा, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून त्याच तांब्याच्या तारेने यायचे. काचेतून उजेड येतो, पंखा फिरवायचा करंट येत नाही. तिथून परतल्यापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला राउटरसाठी छोटी बॅटरी घ्यायला सांगतो. दहातले दोन घेतात.

१०. शंभरचा प्लॅन घेऊन बारा का येतात?

कारण ते शंभर मेगाबिट असतात आणि तुम्ही मोजता मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागा. यावर मी माझ्या आयुष्यातले एकूण किती तास घालवले, ते मोजायचं धाडस नाही.

११. आता गिऱ्हाइकंच मला शिकवतात.

मागच्या जुलैत नाचणे गावाच्या पुढच्या एका घरून आजींचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे विचारायला घेतलं.

'आजी, डब्यावरचे दिवे सांगा.'

'हिरवा, हिरवा, आणि शेवटचा तांबडा. लुकलुकतोय.'

तांबडा लुकलुकतो म्हणजे काचेतून उजेडच पोहोचत नाही. वाय-फाय, पत्ता, नाव, सगळे प्रश्न तिथेच संपतात. मी म्हणालो, येतो, बघतो.

'थांबा जरा. फोन ठेवू नका.'

पायऱ्या उतरल्याचा आवाज, चिखलात चपलांचा आवाज, कुत्र्याला हाड्. दोन मिनिटांनी आजी परत.

'फणसाची फांदी पडलीय, वायर खाली दाबली गेलीय. कोयती आहे माझ्याकडे. शिडी तेवढी तुमची आणा, आमची मोडलीय.'